भुई निवली का?

जून उजाडला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात (ज्यांच्या जिभेवर अजून उस्मानाबाद आहे त्यांच्याशी माझे भांडण नाही; माझ्या सेवापुस्तिकेच्या पानापानावर तेच नाव आहे) एकच प्रश्न पारावर, एस.टी.त, चहाच्या टपरीवर आणि बँकेच्या काउंटरवर विचारला जातो : 'पेरायचं कधी?' उत्तर देणाऱ्यांची वाण नसते. पंचांग मृगाचे वाहन कोणते ते सांगते. बियाण्याचा दुकानदार सांगतो, आज न्या, उद्या हा वाण मिळायचा नाही. शेजाऱ्याने तिफण जुंपली की आपल्याही पोटात कालवायला लागते. हल्ली मोबाइलवर दर तासाला एक नवा वेधशाळाकार उगवतो. या सगळ्या गर्दीत जिच्या पोटात बी जायचे आहे त्या जमिनीला मात्र कुणी विचारत नाही. घरातले मूल किरकिरू लागले तर आपण तारीख-वार बघत नाही, आधी त्याच्या कपाळाला हात लावतो. जमिनीच्या कपाळाला हात लावणारी माणसे मी पाहिली आहेत. ती आता कमी होत चालली आहेत, म्हणून हा लेख.

माझी सारी नोकरी बँकेत गेली आणि त्यातली बरीच वर्षे ग्रामीण शाखांत. पीककर्जाच्या कागदपत्रांत पिकाचे नाव, क्षेत्र, सातबारा, जामीनदार, पेरणीची तारीख असे सगळे रकाने असत. वाटपाची मुदत ठरलेली, वसुलीची मुदत ठरलेली. मार्चअखेर तर बँकवाल्यांचा खरा पाडवाच. पण पेरताना रान कसे होते, याला कुठेच रकाना नव्हता. आणि पेरणी साधली नाही तर त्याच हंगामात, त्याच पिकाला, त्याच रानावर दुसऱ्यांदा कर्ज देण्याची सोयही नव्हती. म्हणजे एकरी 30 किलोची बियाण्याची पिशवी, खताची गोणी, औताचे किंवा ट्रॅक्टरचे भाडे हे सारे एकदा मातीत गेले की दुबार पेरणीचा पैसा येई तो सावकाराच्या चोपडीतून, नाहीतर बायकोच्या गळ्यातून. मी कथा-कादंबऱ्या लिहितो, तेव्हा कर्जबाजारीपणाची मोठमोठी कारणे लिहिण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात कितीतरी घरांचे गणित जूनमधल्या चार दिवसांच्या घाईने बिघडलेले मी पाहिले.

नव्वदच्या दशकात कळंब तालुक्यातल्या एका शाखेत असताना आमचे एक जुने खातेदार होते. सगळे गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणे. त्या काळी खरिपात मूग, उडीद, सूर्यफूल, तूर यांचे दिवस होते. सोयाबीनने अजून जिल्हा व्यापला नव्हता. मृग निघून दोन दिवस चांगला पाऊस झाला आणि सोमवारी बँकेत पैसे उचलायला झुंबड उडाली. मामा आले, बाकावर बसले, पाणी प्याले, पण स्लिप भरेनात.

मी विचारले, "मामा, पैसे उचलायचे नाहीत का?"

"उचलायचे की. पर आज न्हाई."

"का? पाऊस तर झाला."

"सायेब, पाऊस झाला, पर भुई निवली न्हाई आजून."

मला वाटले, म्हातारा टाळतो आहे. रविवारी मी सहज त्यांच्या रानाकडे गेलो. तेरणेच्या अंगाची काळीभोर जमीन. मामांनी बोटांनी माती उकरली आणि माझा हात मनगटापर्यंत आत घालायला लावला. वरची माती गार, ओलसर, सुखद. चार बोटे खाली गेलो तर ऊब. आणखी खाली गेलो तर ती ऊब चक्क धग वाटावी अशी. भाकरी तव्यावरून काढून टोपलीत झाकून ठेवली की वरचे फडके गार लागते आणि आत हात घातला की वाफ लागते, तसे. "वरून गार हाय, आतून इस्तू हाय," मामा म्हणाले. "आज टाकलं तर बी फुगंल, डोळं उघडंल आन् मरंल." त्यानंतर पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली. शिवारात जे उगवले होते त्याने माना टाकल्या. मामांनी आर्द्रा नक्षत्रात दुसरा पाऊस झाल्यावर चाड्यावर मूठ धरली.

मामा काही देव नव्हते, त्यांचेही अंदाज चुकत. एका साली ते असेच थांबून राहिले आणि मूग-उडदाचा हंगाम हातचा गेला; मग त्या रानात नुसती तूरच पेरावी लागली. मूग, उडीद ही साठ-सत्तर दिवसांची पिके, ती जुलैच्या मध्यापुढे नेता येत नाहीत. थांबण्यालाही किंमत असते. ती मोजायची कशी, हा तर सगळा प्रश्न आहे.

मामांच्या हाताला जे कळत होते त्यामागचे शास्त्र सोपे आहे. काळा रंग ऊन पितो. मे महिन्यात हवेचे तापमान चाळीसच्या आसपास असते, तेव्हा भर दुपारी उघड्या काळ्या रानाचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढे जातो. अनवाणी चालणाऱ्याला ते आकड्याविना कळते. दिवसाची ही उष्णता रोज थोडी थोडी खाली झिरपते आणि रात्री वर येऊन निघून जाते. रोजच्या चढउताराची ही लाट वीतभर-दीड वीत खाली गेली की जवळजवळ संपते. तिथे दुपार आणि पहाट यांच्यात फारसा फरक राहत नाही. ऋतूची लाट मात्र खोल, काही मीटरपर्यंत जाते आणि तिला वेळही लागतो. आमच्याकडे ज्वारी पेवात साठवण्याची रीत होती ती याच ज्ञानावर. तिथे आत उन्हाळा-हिवाळा दोन्ही मवाळ असतात. मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने रान आतपर्यंत तापत जाते आणि वळवाच्या एका सरीने वरचा पापुद्रा तेवढा गार होतो. पुन्हा ऊन पडले की वरून सूर्य आणि खालून साठलेली धग, अशा दोन तव्यांमध्ये बी सापडते.

ओल्या मातीचे तसे नसते. पाणी तापायला पुष्कळ उष्णता लागते, शिवाय ते वाफ होऊन जाताना जमिनीची उष्णता आपल्याबरोबर नेते. म्हणून रान खोलवर भिजले की ते निवते आणि निवलेलेच राहते. खरिपात ओल आणि ऊब हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पुरेसा पाऊस झाला की दोन्ही एकदमच सुटतात. कृषी खाते दरवर्षी कंठशोष करून सांगते की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, त्याचे मर्म हे आहे. तो आकडा नुसत्या तहानेचा नाही, तो ताप उतरण्याचाही आहे.

हे सारे मोजण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यात, फार पूर्वी सुरू झाले, याचा आपल्याला विसर पडला आहे. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. तिथे 1932 साली कृषी हवामानशास्त्राचा विभाग निघाला आणि त्याची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे आली. सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तयार झालेला हा शास्त्रज्ञ. जगभर त्यांचे नाव आहे ते एका विचित्र शोधासाठी. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा अगदी जमिनीलगत नसून तिच्या थोडी वर असते, हे त्यांनी दाखवले, तेव्हा पुष्कळांनी विश्वासच ठेवला नाही; आज त्या थराला 'रामदास थर' म्हणतात. पण मला भावतो तो त्यांचा दुसरा प्रयोग. काळ्या जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला आणि शेजारच्या उघड्या काळ्या तुकड्याशी ताडून पाहिले. नुसता रंग बदलल्याने वरची माती गार झालीच, पण त्याचा परिणाम खालच्या थरांतही उतरला. आमच्या बायका भाजीच्या वाफ्यावर पाचट किंवा पालापाचोळा अंथरतात तो काही वेगळा प्रयोग नाही, फक्त तो कुणी छापला नाही.

हवामान खात्याच्या कृषी वेधशाळांत जमिनीत पाच, दहा, वीस सेंटिमीटर खोलीवर वाकडी नळी असलेले थर्मामीटर पुरलेले असतात. सकाळी सातला आणि दुपारी दोनला त्यांची नोंद होते. या नोंदी वर्षानुवर्षे वह्यांत आणि आता संगणकांत साठत आल्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून आठवड्यातून दोनदा कृषी हवामान सल्ला निघतो, तो मी आवडीने वाचतो. पाऊस, कमाल-किमान तापमान, वारा, आर्द्रता सारे त्यात असते. पण हवेचे तापमान सांगून जमिनीचे कळत नाही. एकाच दिवशी, एकाच गावात, खोल काळ्या रानाचा आणि बालाघाटाच्या माळावरच्या मुरमाड रानाचा ताप वेगळा असतो. माळ लवकर तापतो, लवकर निवतो आणि लवकर सुकतोही. वाशी-भूमच्या डोंगराळ पट्ट्यातला शेतकरी उमरग्याच्या काळ्या रानातल्या तारखेने पेरू लागला तर कसे जमायचे?

आता सोयाबीनकडे येतो, कारण जिल्ह्याचा खरीप आज बहुतांशी तेच आहे. एके काळी आम्ही रब्बीचा जिल्हा म्हणवत होतो, शाळूची कणसे म्हणजे आमची ओळख. सोयाबीन आले आणि सारा भार जूनवर आला. हे बी मोठे नाजूक असते. त्याचे टरफल पातळ. पोते आपटले तरी इजा होते. उगवायला ते आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी पिते, मक्याला त्याहून बरेच कमी पुरते. साधारण 25 ते 32 अंशांची माती त्याला मानवते. पाच-सहा दिवसांत रोप वर येते. माती चाळीसच्या घरात गेली तर उगवण कोसळते. अर्धवट पाणी पिऊन फुगलेले बी तापल्या, सुकत्या मातीत अडकले तर ते पुन्हा पोत्यात भरता येत नाही, आणि उगवतही नाही. शिवाय ते तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर डोके वर काढण्यातच त्याची शक्ती संपते. म्हणजे ओल खाली आहे म्हणून खोल पेरावे, तर तीही वाट बंद.

2020 च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींची रास पडली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. आदल्या वर्षी, 2019 च्या ऑक्टोबरात, काढणीच्या वेळी पावसाने पीक भिजवले होते. त्यातून धरलेल्या बियाण्याचा कस गेला होता, हे मोठे कारण होतेच. ज्याने निकृष्ट बी विकले त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण पंचनाम्यांत खोल पेरणी आणि अपुरी ओल ही कारणेही पुढे आली, आणि त्यावरून शेतकऱ्यालाच दोषी ठरवल्याची ओरड झाली. मला दोन्ही बाजूंचे बोलणे पुरते पटले नाही. बी चांगले की वाईट हे घरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले की कळते. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो पुरे. रान तयार होते की नव्हते हे मात्र आठ दिवसांनी पंचनामा करणाऱ्याला कळत नाही. त्या दिवशी तिथे कुणी हात घातला असेल तरच कळते, आणि कुणी लिहून ठेवले असेल तरच सिद्ध होते.

हात घालणे का सुटले? माझे उत्तर काहींना रुचणार नाही. तिफणीमागे चालणाऱ्या माणसाचे पाय मातीत असत. चाड्यावर मूठ धरणारी बाई तर दिवसभर त्या तासातून चालायची. रान निवलेय की नाही हे तिच्या तळव्यांना कळे. वाफसा हा शब्दच बघा, त्यात वाफ आहे. पावसाचे जास्तीचे पाणी निथरून मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळू लागल्या की वाफसा आला. मूठभर मातीचा लाडू वळून कमरेच्या उंचीवरून टाकावा. फुटला तर पेरा, चिखलाच्या गोळ्यासारखा बसला तर थांबा. आता ट्रॅक्टर येतो तो ताशी दराने, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांसमोर चाळीस शेतकऱ्यांची यादी असते. आपली पाळी आज आहे म्हणून आज पेरायचे. ट्रॅक्टरवर बसलेल्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. मी ट्रॅक्टरच्या विरोधात नाही. बैलजोडी सांभाळणे आज कुणाला परवडते? पण बैलाबरोबर जी एक मोजपट्टी गोठ्यातून गेली तिच्या जागी दुसरी आली नाही, एवढेच म्हणतो.

ती दुसरी मोजपट्टी फार महाग नाही. मातीत खुपसायचा लांब काडीचा थर्मामीटर मिळतो, काट्याचा किंवा आकडे दाखवणारा. बियाण्याच्या एका पिशवीपेक्षा पुष्कळ कमी किमतीत. वापरायची रीत अशी. रानात बांधापासून आत, झाडाच्या सावलीबाहेर, दोन-तीन ठिकाणी पाच सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन बोटे, खोल काडी खुपसावी. लगेच वाचू नये, दोन-तीन मिनिटे काटा स्थिर होऊ द्यावा. सकाळी सातला एकदा आणि दुपारी दोनला एकदा पाहावे आणि वहीत लिहावे. एका दिवसाच्या आकड्यावर उडी मारू नये. तीन-चार दिवस ओळीने पाहावे. पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी दुपारचा आकडा तिशीच्या आसपासच राहत असेल, तर रान खोलवर भिजले आहे आणि आतून निवले आहे. एक दिवस ऊन पडताच तो पस्तिशी ओलांडून वर पळू लागला, तर वरचा ओलावा फसवा आहे. वीतभर खोल काडी घातली की उरलेली शंका फिटते. माझा एक भाचा चार वर्षांपासून हे करतो. सुरुवातीला गावात त्याची थट्टा झाली, 'मातीला मलेरिया झालाय का' असे लोक विचारीत. आता चार-दोन जण पेरणीच्या आधी त्याला फोन करून आकडा विचारतात. मात्र त्यातही एक खोड आहे : विचारतात त्याच्या रानाचा आकडा आणि पेरतात आपल्या रानात.

थट्टेवरून आठवले. जुन्या काळी इंग्लंडातले शेतकरी म्हणे वसंतात बार्ली पेरण्याआधी विजार उतरवून जमिनीवर बसून बघत. बसवले तर पेरायचे, थंडीने उठावे लागले तर आणखी आठवडाभर थांबायचे. खरे-खोटे तो परमेश्वर जाणे. पण त्यांची अडचण आपल्या उलटी आहे, हे ध्यानात घ्यावे. त्यांना जमीन तापण्याची वाट पाहायची, आपल्याला निवण्याची. म्हणून तिकडच्या पुस्तकांतले कोष्टक इकडे आणून लावले की घोटाळा होतो.

खरिपात एक बरे की ओल आणि गारवा बरोबर येतात. रब्बीत ती दोघे एकमेकांना पाठ दाखवतात, आणि आमच्या जिल्ह्याची खरी कसोटी तिथे लागते. कोरडवाहू शाळू उभा राहतो तो जमिनीत मुरलेल्या पावसावर. सप्टेंबरात ओल भरपूर, पण माती अजून उबदार आणि हवेत खोडमाशी. फार लवकर पेरले तर पोंगे मरतात. ऑक्टोबर पुढे सरकला की रात्री गार होतात, माती निवते, माशी कमी होते. पण वरची ओल रोज एक एक बोट खाली उतरत जाते आणि तिफणीच्या फणाला ती सापडत नाही. म्हणून ज्वारीसाठी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर अशी महिनाभराची शिफारस असते. त्या महिन्यात नेमका कोणता दिवस, हे ज्याचे त्याने ठरवायचे. उशीर झाला तर त्याचे बिल फेब्रुवारीत येते. दाणे भरण्याच्या वेळी जमीन सुकते, पुन्हा तापू लागते आणि खडखड्या रोग ताटे आडवी करतो. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी इतकी वर्षे या भागात टिकली ती भाकरीच्या चवीमुळे तर खरीच, पण हा ताण सोसण्याच्या अंगच्या गुणानेही.

हरभऱ्याचे असेच. ओल आहे म्हणून उबदार मातीत घाई केली तर मर रोगाची बुरशी वाटच बघत असते. ती 25 ते 30 अंशांच्या मातीत खुशीत वाढते. पाणी हाताशी आहे त्यांना 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबरपर्यंत थांबता येते, कारण त्यांना ओल विकत घेता येते. कोरडवाहूवाल्याला ती चैन नाही. तो बीजप्रक्रिया करून, ट्रायकोडर्मा चोळून, थोडा धोका पत्करून लवकर पेरतो. मला नेहमी वाटे की बँकेत दोघांचे अर्ज सारख्याच कागदावर येतात, पण विहीरवाला आणि बिनविहिरीचा हे दोन वेगळ्या पंचांगांचे लोक आहेत.

पंचांगाचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर. नक्षत्रांवर पेरणे ही अंधश्रद्धा नव्हे. सूर्य आकाशात कुठे आहे त्यावर ऋतू ठरतो, आणि नक्षत्र म्हणजे सूर्याचा पत्ता. पण आपली पंचांगे निरयन पद्धतीची आहेत. पृथ्वीच्या आसाच्या संथ डुलण्यामुळे हा पत्ता ऋतूच्या मानाने सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. ज्ञानेश्वरांच्या काळापासून आजवर हा फरक दहा दिवसांच्या घरात गेला आहे. मृग हे नाव तेच राहिले, पण त्याखालचा उन्हाळा-पावसाळा सरकला. आमच्या आजोबांच्या आजोबांनी मृगाबद्दल काही ठरवले असेल तर ते त्यांच्या मृगाबद्दल. मी पंचांग टाकून द्या म्हणत नाही. ते काडीच्या थर्मामीटरशेजारी ठेवा म्हणतो.

थंड मातीचाही एक हंगाम आपल्याकडे आहे, उन्हाळी भुईमुगाचा. संक्रांत झाली, विहिरीला पाणी आहे, म्हणून लोक जानेवारीत शेंगदाणे टोकतात आणि पंधरा-पंधरा दिवस मातीकडे बघत बसतात. 18 अंशांच्या खाली भुईमूग डोळा उघडत नाही. पडून राहिलेल्या दाण्याला बुरशी, मुंग्या आणि खारी यांची सोबत मिळते. म्हणून शिफारस 15 जानेवारी ते 15 फेब्रुवारीची, आणि त्यातही थंडी रेंगाळली असेल तर फेब्रुवारीकडे झुकावे. इथे मात्र काडी सकाळी सातलाच घालावी. दुपारचे ऊन उगाच धीर देते; बी अडते ते पहाटे.

ज्यांना शेत नाही त्यांनी हा लेख बाजूला ठेवू नये. मे महिन्यात गच्चीवरच्या कुंडीत कोथिंबीर उगवत नाही म्हणून धन्यांना शिव्या देणाऱ्या भगिनी मला माहीत आहेत. सिमेंटच्या गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती चारी बाजूंनी तापते, आणि धन्याला तिशीच्या पुढची माती सोसत नाही. कुंडी विटांवर ठेवून, सावलीत सरकवून, वर ओले गोणपाट टाकले तर काम होते. नाहीतर पालक, मेथी, कोथिंबीर यांसाठी पावसाळा यायची वाट पाहावी आणि तोवर तापत्या मातीला मानवणारी गवार-भेंडी लावावी. भाजीच्या रोपांसाठी गादीवाफा करायचा असेल तर उलट त्याच उन्हाला कामाला लावता येते. वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद घट्ट अंथरून, कडा मातीने दाबून एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे ठेवावा. आतली माती इतकी तापते की मर रोगाची बुरशी आणि तणांचे बी बहुतांशी निकामी होते.

आणि राहता राहिले लॉन. निवृत्तीनंतर धाराशिवात बंगला बांधणाऱ्या माझ्या पिढीला त्याची भारी हौस. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात अंगणात लॉन करावे की नाही हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. करायचेच तर छोटे करावे आणि न्हाणीघराच्या पाण्यावर जगवावे. गंमत अशी की नर्सरीतून चौरस फुटाच्या भावाने जे आणतात ते बहुतेक वेळा हरळीचेच भावंड असते. गणपतीला एकवीस जुड्या वाहतो ती दूर्वा तीच, आणि रानात जिच्या नावाने आमचे शेतकरी बोटे मोडतात तीही तीच. शेतकरी एप्रिलमध्ये खोल नांगरट करून तिच्या मुळ्या उलथ्या पाडतो आणि तापल्या ढेकळांत उन्हाने करपवतो. एवढे करूनही ती आषाढात हसत वर येते. हे उष्ण मातीचे गवत आहे. अमेरिकेत वा इंग्लंडात लॉनचे बी दहा ते अठरा अंशांच्या मातीत पेरतात, ती गवते वेगळी. आपली हरळी जून ते ऑगस्ट या काळात, पाऊस स्थिरावून माती भिजलेली पण उबदार असताना, गाठीगाठीने टोचून लावावी. दीड-दोन महिन्यांत जमीन झाकते. दिवाळीच्या सुट्टीत पोरे घरी आहेत म्हणून नोव्हेंबरात लावली तर ती बसून राहते. डिसेंबर-जानेवारीत लावलेले जुने लॉनही पिवळट पडते, तेव्हा घाबरून त्यावर युरिया आणि टँकरचे पाणी ओतू नये. ते मेलेले नसते, झोपलेले असते. शिवरात्रीच्या सुमारास माती पुन्हा विशीच्या बरीच पुढे गेली की ते आपले आपण हिरवे होऊ लागते. खत द्यायचे ते तेव्हा, आणि कापणी त्यानंतर.